बाबांचा खालचा हात

माझे सासरे, म्हणजे बाबा, पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. लेथवर लोखंडाचा गज लावायचा आणि सांगितलेल्या मापाला आणून उतरवायचा, हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं ‘सूतभर’. कुणी काहीही दाखवायला आणलं, शाफ्ट असो, घराचं नवं दार असो की पायातली नवी चप्पल, ते एक डोळा बारीक करून म्हणायचे, “झकास आहे. फक्त सूतभर डावीकडे गेलंय.” लग्नाआधी मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा ते स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ सरळ करत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “आता?” त्यांच्या मुलाने मला आधीच पढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, “सूतभर उजवीकडे घ्या.” कोण बोललं ते बघायला ते इतक्या झटक्यात वळले की स्टुलावरून पडता पडता वाचले. तेव्हापासून आमचं दोघांचं सूत जुळलं ते जुळलंच.

सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, पसारा पुढच्या खोलीत. त्या हाताने गोधड्या शिवतात. खोलीच्या मधोमध लांब लाकडी चौकट आणि तिच्यावर बसवलेले तीन थर: वर रंगीत तुकड्यांचं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली साधं अस्तर. आई आणि समोरच्या घरातल्या मावशी चौकटीच्या दोन बाजूंना बसतात, कधी आणखी एक-दोघी येतात, आणि दुपारभर टाके चालतात. आईंचे टाके इंचाला नऊ. जेवढा टाका तेवढीच मोकळी जागा, आणि गोधडी उलटी केली की मागेही तेच. आईंना विचारलं, हे कसं हो जमतं, तर त्या म्हणायच्या, “कसं म्हणजे? घालायचे.”

बाबा निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात घरातलं मोजण्यासारखं सगळं मोजून संपलं. दारांच्या फटी झाल्या, टेबलाचे पाय झाले, जिन्याच्या पायऱ्या झाल्या. (पाचवी पायरी बुटकी आहे. आम्हाला अजून सगळ्यांना सांगितलं जातं.) एका दुपारी मी औषधाच्या दुकानातून, म्हणजे माझ्या नोकरीवरून, लवकर घरी आले, तर बाबा गोधडीवर ओणवे होऊन व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची कारखान्यातली पट्टी, लावत होते. आई आणि मावशी हातातल्या सुया उंच धरून थांबलेल्या, जणू कुणी त्यांना हात वर करायला लावलं होतं.

“सरासरी टाका दीड मिलिमीटर,” बाबांनी जाहीर केलं. “पण सगळे सारखे नाहीत हां. हा बघ. हा केसभर मोठा आहे.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यात आईंचा एक टाका आणि शेजारची फट मावून वर जागा उरली असती. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच ते सुतावरून केसावर उतरले होते.

“अहो,” आई म्हणाल्या, “किती वर्षं माझ्या गोधडीत झोपताय?”

“छत्तीस.”

“त्या केसाने झोपमोड झाली कधी?”

“झोपेचा प्रश्न नाही गं. अचूकपणाचा प्रश्न आहे.”

आईंनी आपल्या हातातली सुई त्यांच्यापुढे धरली. “बसा.”

बाबा बसले. आईंनी त्यांना वेगळा चौकोन दिला, वीतभर, तीन थर टाचून तयार केलेला. बाबांनी चष्मा सारखा केला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि श्वास रोखून पहिली ओळ घातली. त्या ओळीकडे बघून मला सहा वर्षांच्या पोराचं हसू आठवलं. एक दात, मोठी फट, अर्धा दात, परत फट, मग दोन दात एकमेकांवर चढलेले.

मावशींनी ओळ नीट न्याहाळली. “भाऊजी, व्हर्निअर देऊ का?”

दुसरा कुणी असता तर चौकोन ठेवून बाहेर फिरायला निघून गेला असता. बाबांनी मात्र हा प्रश्न कारखान्यातल्यासारखाच हाती घेतला. पहिल्यांदा त्यांनी चौकटीचा संशय घेतला. आई बाजारात गेल्या होत्या तेव्हा त्यांनी चौकटीचे चारही स्क्रू घट्ट पिळून कापड असं ताणलं की बोटाने टिचकी मारली तर ठणठण वाजावं. “आता बघ, एक सुरकुती नाही,” ते मला म्हणाले. आई परत आल्या, बसल्या, सुई खुपसली आणि ती उभीच्या उभी अडकली. पुढे नाही, मागे नाही.

“कुणी केलं हे?”

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

“अहो, कापड जरा सैल लागतं. सुई डुलायला नको का? तुमचा पत्रा आहे का हा?”

मग त्यांनी खुणांचं चाक बनवलं. जुन्या घड्याळातलं दातेरी चाक एका लाकडी मुठीत बसवलं, दात्यांना खडूची पूड लावली आणि कापडावरून फिरवलं. ठिपक्यांची देखणी ओळ उमटली, एकाही ठिपक्याची तक्रार नाही. बाबांनी ठिपक्याठिपक्याला टाका घातला. तासभर गेला. वरून ओळ खरोखरच सुरेख दिसत होती आणि मावशींनीही मान डोलावली. आईंनी चौकोन उलटा केला. मागे निम्मे टाके आलेच नव्हते. सुई कापसापर्यंत जाऊन परत फिरली होती. जे आले होते ते कुठे मुंगीएवढे, कुठे तांदळाएवढे.

“वर परेड,” आई म्हणाल्या, “आणि मागे पांगापांग.”

पुढचे दोन महिने आमच्या घरात एकच संवाद चालू होता. बाबा टाका घालायचे, आई म्हणायच्या, “असं नाही, असं.” बाबा विचारायचे, “असं म्हणजे कसं?” आई पुन्हा करून दाखवायच्या, “असं.” त्यांची सुई पाण्यातून जावी तशी जायची, एका दमात चार टाके सुईवर चढायचे आणि दोरा सुर्रकन बाहेर. बाबा वैतागायचे. “अगं, पण तू नेमकं करतेस काय?”

“टाका घालतेय.”

“ते दिसतंय मला! कसा घालतेस?”

“हे बघा, असा.”

मी आणि माझा नवरा जेवताना एकमेकांकडे बघायचोसुद्धा नाही, हसू फुटेल म्हणून.

अखेर एका दुपारी बाबांनी चटई आणली, ती चौकटीखाली पसरली, हातात टॉर्च घेतला आणि उताणे होऊन आत सरकले. गाडीखाली मेकॅनिक शिरतो तसे. बाहेर फक्त पायांचे पंजे. मावशी किंचाळून उठल्या. “भाऊजी! मी इथे बसलेय!”

“मी फक्त हिच्या बाजूला बघतोय,” खालून आवाज आला. “तुम्ही बसा निर्धास्त.”

“मी नाही बसत! तुम्ही बाहेर आल्याशिवाय मी सुईला हात लावणार नाही!”

मावशी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हसत राहिल्या. आईंनी मात्र कपाळाला हात लावून टाके सुरू केले. पाचेक मिनिटं गेली. टॉर्चचा उजेड अस्तरातून वर झिरपत होता आणि आईंच्या सुईबरोबर हळूहळू सरकत होता. मग एकदम धाडकन आवाज झाला. बाबा उठायला गेले होते आणि डोकं चौकटीवर आपटलं होतं.

“सापडलं!” कपाळ चोळत ते बाहेर आले. “वरचा हात टाका घालतच नाही! खालचा घालतो!”

“खालचा?” आई म्हणाल्या. “मी खाली काही करत नाही. खाली हात नुसता असतो.”

“नुसता असतो? अगं, तुझं डावं मधलं बोट प्रत्येक वेळी सुईच्या टोकाची वाट बघत असतं. टोक जेमतेम लागलं, की ते बोट सुईला वर ढकलतं. आणि त्याच वेळी वर तुझा अंगठा सुईच्या पुढचं कापड दाबतो. खालून ढकल, वरून दाब. मध्ये उंचवटा तयार होतो आणि सुई त्या उंचवट्यातून निघते. उंचवटा जेवढा लहान, तेवढा टाका लहान. उंचवटा दर वेळी सारखा, म्हणून टाका दर वेळी सारखा!”

आईंनी गोधडीखालून हात बाहेर काढला आणि तो उलटसुलट करून पाहिला. मधल्या बोटाच्या टोकाला, नखाच्या कडेला, बारीक टोचण्यांनी झालेला घट्टा होता. तो तिथे असतो हे त्यांना ठाऊक होतं. तो का असतो, हा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी पुन्हा हात खाली घातला, एक टाका अगदी सावकाश घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“अय्या,” त्या म्हणाल्या. “खरंच की.”

त्या दिवसापासून बाबांच्या टाक्यांनी वळण घेतलं. लगेच नाही, पण घेतलं. रोज एकेक दोष सापडत गेला. दोरा ते दोन हात लांब घेत, म्हणजे पुन्हा पुन्हा ओवायला नको. तो कापडातून इतक्या वेळा ये-जा करून पिंजायचा आणि गाठी धरायचा. आईंनी तो हाताच्या कोपरापर्यंत तोडला आणि मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून दिला. मग सुई. बाबांना लांब सुई सोयीची वाटायची, पकडायला जागा जास्त. आईंची सुई बुटकी आणि बारीक, दोन पेरांएवढी. “लांब सुई वाकते आणि वाकली की खोटं बोलते,” असं आई म्हणाल्याचं आठवतं. त्यांच्या तोंडून निघालेलं स्पष्टीकरणासारखं ते पहिलं वाक्य असावं. सगळ्यात मोठा दोष मात्र श्वासाचा निघाला. लेथवर शेवटचा हात मारताना श्वास रोखायची त्यांना सवय. इथेही ते चार टाके होईपर्यंत श्वास घेत नसत, मग हुश्श करून सोडत, आणि पाचवा टाका वेडावाकडा पडे.

“अहो, श्वास घ्या. गुदमरून जाल.”

“मग हात हलतो.”

“हलू दे की. हात हलायलाच हवा. गुणगुणा काहीतरी.”

बाबा गुणगुणू लागले. सूर त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. पण ठेका पक्का होता, चौतीस वर्षं मशीनजवळ काढलेली. टाके त्या ठेक्यात पडू लागले. मावशींनी कानात कापसाचे बोळे घातले आणि म्हणाल्या, गोधडीतून उरलाच आहे कापूस.

त्याच सुमारास बाबांनी आईंसाठी अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटावर घालायची धातूची टोपी, बनवलं. आईंच्या उजव्या मधल्या बोटाचा सांधा वयाने फुगला होता. बाजारातलं अंगुस्तान एक तर सांध्यावरून जायचं नाही, नाहीतर गेलं की टोकाला सैल पडून खुळखुळायचं. त्यांनी बोटाचं माप तीन ठिकाणी घेतलं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कारण संध्याकाळी बोट सुजतं.

“लग्नाच्या वेळी अंगठी आणलीत, ती डोळ्यांनी माप घेऊन,” आई म्हणाल्या. “तीन वर्षं दोरा गुंडाळून घातली मी.”

“तेव्हा माझ्याकडे व्हर्निअर नव्हता.”

एका जुन्या सहकाऱ्याचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे जाऊन बाबांनी पितळेच्या गजातून ते उतरवलं. माथा सपाट, माथ्याभोवती बारीकशी कड, म्हणजे सुईचं बूड घसरून बाहेर जाणार नाही. माथ्यावर आणि बाजूला टोच्याने एकेक करून खळगे पाडले. आत कड गोल घासून काढली, बोटाला लागू नये म्हणून. आईंनी ते घातलं आणि एक अख्खी ओळ घातली, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा समोर उभे. आईंनी ओळ संपवली, दोऱ्याची गाठ हलकेच ओढून कापसात लपवली, आणि म्हणाल्या, “आणखी एक करून ठेवा. हे हरवलं तर माझं कसं होणार?”

बाबा त्या दिवशी दोनदा जेवले.

मग शिवण केंद्राच्या मॅडम आल्या. आमच्यापासून चार रस्ते पलीकडे बायकांसाठी शिवणकामाचे वर्ग चालतात. तिथल्या मुख्य मॅडमनी कुणाकडे तरी आईंची गोधडी पाहिली होती. दर शनिवारी दोन तास शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. आईंचा चेहरा पांढरा पडला. त्या नाही म्हणायच्या आत मावशी म्हणाल्या, “शिकवतील ना! का नाही शिकवणार?” मॅडम गेल्यावर आई मावशींशी चार दिवस बोलल्या नाहीत.

पहिल्या शनिवारी मी अर्धी रजा काढली. बाबांनी कापडाची पिशवी उचलली. वाटेत आईंनी त्यांना बजावलं, “मागच्या बाकावर बसायचं. तोंड उघडायचं नाही.”

खोलीत वीस-बावीस बायका. खिडक्यांचा चांगला उजेड, प्रत्येकीसमोर टाचलेला चौकोन, सुई आणि अंगुस्तान. आई पुढे उभ्या राहिल्या. पदर सारखा केला, घसा खाकरला.

“सुई अशी धरायची,” त्या म्हणाल्या. “आणि असं घालायचं.” चार टाके सुईवर घेऊन त्यांनी दोरा ओढला. “झालं.”

घड्याळात अजून तीन मिनिटंही झाली नव्हती. पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या बाईने हात वर केला. “बाई, पण ते सगळे सारखे कसे येतात?”

“येतात,” आई म्हणाल्या. मग त्यांनाच ते अपुरं वाटलं. “घालत राहिलं की येतात.”

कुणीतरी खुदकन हसलं. आईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी औषधांच्या गोळ्या मोजते. त्यांची नजर माझ्यावरून मागच्या बाकाकडे गेली. बाबा तोंड घट्ट मिटून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे. त्यांचे ओठ मात्र थरथरत होते.

“अहो,” आई म्हणाल्या, “सांगा ना.”

बाबा असे उठले की बाक मागे कलंडला.

“मी यांचा नवरा,” ते पुढे येत म्हणाले. “गोधडीतला सगळ्यात ढ विद्यार्थी. मी चार महिन्यांत जेवढं चुकलोय तेवढं तुमच्यापैकी कुणीच चुकू शकणार नाही.” त्यांनी खिशातून आपला पहिला चौकोन काढला आणि पहिल्या बाकावर दिला. तो हातोहात फिरू लागला आणि जिथे जिथे गेला तिथे हसू फुटत गेलं. त्या हशाने खोलीतला अवघडलेपणा कुठच्या कुठे गेला.

“आता यांचा वरचा हात बघू नका. तो फक्त भाव खातो,” बाबा म्हणाले. “एक हात कापडाखाली घाला. मधलं बोट वर करा. सुई सरळ उभी धरा, वरून अंगुस्तानाने ढकला. जोरात नाही. आणि आता डोळे मिटा.”

“डोळे कशाला?” आई म्हणाल्या.

“डोळे उघडे असले की माणूस वर बघतो. काम खाली चाललंय.”

आईंनी जरा विचार केला. “बरोबर आहे,” त्या वर्गाला म्हणाल्या. “मिटा.”

बावीस बायकांनी डोळे मिटले. मीही मिटले. काही वेळ फक्त कापडातून सुया जाण्याचा बारीक करकर आवाज. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, “लागली!” दुसऱ्या बाजूने, “मलापण लागली!” “टोक लागलं बोटाला!” मग सगळीकडून, “लागली, लागली!” आई टाळ्या वाजवत होत्या. “लागली ना? आता तिला वर ढकला! अंगठ्याने पुढचं दाबा! दाबा! हां!” त्या बाकांमधून चालू लागल्या होत्या, एकीचा अंगठा धरत होत्या, दुसरीचं मनगट सैल करत होत्या. दोरा किती घ्यायचा यावर त्यांचं आणि बाबांचं भर वर्गात भांडण झालं. बाबा म्हणाले पंचेचाळीस सेंटिमीटर, आई म्हणाल्या कोपरापर्यंत. चष्मेवाल्या बाईने मोजून सांगितलं की तिच्या हाताला दोन्ही एकच येतात. दोन तास संपले तेव्हा कुणी उठायला तयार नव्हतं.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आता शनिवारी दोन वर्ग भरतात. केंद्राच्या फळ्यावर आईंच्या नावापुढे ‘प्रशिक्षक’ लिहिलंय आणि त्याखाली बाबा ‘सहायक’ आहेत. तो फळा बाबांनी आपल्या तीन जुन्या सहकाऱ्यांना नेऊन दाखवला. त्यांनी स्वतःची एक अख्खी गोधडीही पुरी केली, मधल्या बिंदूपासून सुरू होऊन बाहेर वाढत जाणारी वर्तुळंच वर्तुळं, कारण गोल सोडून दुसरं काही त्यांच्या हातातून निघत नाही. इंचाला सात टाके. नऊ त्यांना कधी जमले नाहीत आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. “सात तर सात,” ते म्हणतात, “पण सातच्या सात एका आईची लेकरं.” आईंनी ती गोधडी आधी उलटी करून पाहिली, डोळे मिटून तळहात फिरवला, आणि आपली जुनी घडी करून कपाटात ठेवून ही पलंगावर घातली.

मागच्या रविवारी मीच चौकटीवर बसले. इतके दिवस सगळं ऐकून मला वाटलं होतं की मला येतंच. आई डावीकडे, बाबा उजवीकडे, मावशी समोर.

“बोलू नकोस, घाल,” आई म्हणाल्या.

“घालू नकोस, आधी ऐक,” बाबा म्हणाले.

“अहो, ऐकून कुणाला आलंय?”

“मला आलंय!”

“तुम्हाला मी दाखवलं म्हणून आलं.”

“तू दाखवलंस? मी चटईवर झोपून शोधलं!”

मावशी पोट धरून हसत होत्या. माझ्या डाव्या मधल्या बोटाला काहीतरी बारीक टोचलं. मी अंगठा पुढे दाबला आणि सुई निघाली. मग मी कुणाचंच ऐकलं नाही. त्यांचं भांडण संपेपर्यंत माझे अकरा टाके झाले होते. त्यातला सातवा जरा मोठा आहे.